किती दिवस, आणि आता काय?

बायोप्सीच्या रिपोर्टवर शेवटी एक ओळ असते : ‘पीडी-एल१, टीपीएस ६० टक्के.’ रिपोर्ट हातात पडला की घरातलं शिकलेलं माणूस तो आधी वाचतं आणि त्याची नजर या आकड्यावर अडकते. कुणाला वाटतं रोग साठ टक्के पसरला. कुणाला वाटतं वाचायची शक्यता साठ टक्के आहे. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. गाठीतून काढलेल्या तुकड्यातल्या दर शंभर कर्कपेशींपैकी साठ पेशींच्या आवरणावर एक विशिष्ट प्रथिन दिसलं, इतकंच ती ओळ सांगते. या प्रथिनाचा रुग्णाच्या आयुष्याशी संबंध आहे; पण तो सरळ नाही. तो समजून घेतला नाही, तर लाखो रुपये आणि हाताशी असलेले मोजके महिने, दोन्ही वाया जाऊ शकतात. हा लेख त्यासाठीच आहे.

फुप्फुसाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे २५ लाख लोकांना तो झाला आणि १८ लाख लोक त्याने दगावले. भारतात त्या वर्षी ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण होते. आपल्याकडे बहुतेकांचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर होतं, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावर. अशा रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारतात. पहिला, बहुधा रुग्णाला बाहेर बसवून, दबक्या आवाजात : “किती दिवस?” आणि दुसरा : “आता काय करायचं?”

रक्तातल्या आणि गाठीतल्या प्रथिनांकडून वैद्यकशास्त्र याच दोन प्रश्नांची उत्तरं मागत आलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या निदर्शकाला, म्हणजे मार्करला, डॉक्टर प्रोग्नॉस्टिक म्हणतात : उपचार कोणताही असो, या रुग्णाचा आजार कोणत्या गतीने पुढे जाईल, हे तो सांगतो. दुसऱ्याचं उत्तर देणारा प्रेडिक्टिव्ह : या रुग्णाला अमुक औषधाचा उपयोग होईल की नाही, हे तो सांगतो. ऐकायला फरक बारीक वाटतो. पण या क्षेत्रातली निम्मी गफलत या दोहोंची सरमिसळ केल्याने झाली आहे. समजा, एखादं प्रथिन ज्यांच्या रक्तात कमी आहे असे रुग्ण एखाद्या औषधावर जास्त जगले. हे श्रेय औषधाचं का? ते रुग्ण कोणत्याही औषधावर, किंवा औषधाविनाही, तितकेच जगले असते तर? हे ठरवायचं तर दोन्ही प्रकारच्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन वेगवेगळे उपचार द्यावे लागतात आणि चारही गटांचा हिशेब मांडावा लागतो. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक असतं. त्यामुळे पहिल्या जातीचे मार्कर शेकड्यांनी सापडले आणि दुसऱ्या जातीचे बोटांवर मोजण्याइतके.

पहिल्या जातीतली काही नावं रिपोर्टांवर नेहमी दिसतात. मॉन्ट्रियलमध्ये १९६५ साली फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात शोधलेलं सीईए. पेशींच्या सांगाड्यातल्या सायटोकेरॅटिन-१९ या प्रथिनाचा रक्तात उतरलेला तुकडा, सायफ्रा २१-१. दोन हजारांवर रुग्णांची आकडेवारी एकत्र करून २००४ साली दिसलं, की तो वाढलेला असेल तर आयुष्य कमी असतं, मग टप्पा कोणताही असो. लहान पेशींच्या कर्करोगात एनएसई. यातला प्रत्येक मार्कर खरं बोलतो, पण प्रत्येकाला स्वतःची खोड आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए कर्करोग नसतानाही थोडं वाढलेलं असतं. एनएसई तांबड्या पेशींतही असतं. रक्त काढताना किंवा नेताना त्या फुटल्या की आकडा उगाच चढतो. एका आकड्यावरून घाबरून जाऊ नये, याला इतकं साधं कारणही असू शकतं.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट मात्र ग्लासगोची आहे. तिथल्या रॉयल इन्फर्मरीत डोनाल्ड मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नवं प्रथिन शोधलं नाही. यंत्रही नवं आणलं नाही. कोणत्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होणाऱ्या दोन चाचण्या घेतल्या : सीआरपी आणि अल्ब्युमिन. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर आणखी एक. म्हणजे गुण शून्य, एक किंवा दोन. या तीन गटांतल्या रुग्णांच्या आयुष्याचे आलेख एकमेकांपासून स्पष्ट वेगळे झाले. पुढे तोच हिशेब आतडी, स्वादुपिंड, अन्ननलिका अशा कितीतरी कर्करोगांत पडताळून पाहिला गेला आणि टिकला.

यात कर्करोगाचं असं काय मोजलं गेलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. ही दोन्ही प्रथिनं गाठ तयार करत नाही, ती यकृत तयार करतं. सीआरपीचा शोधही एका वेगळ्याच फुप्फुसरोगात लागला होता : १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठे दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ हा निरोप यकृतापर्यंत जातो. यकृत आपली नेहमीची कामं बाजूला ठेवून सीआरपीचं उत्पादन वाढवतं आणि अल्ब्युमिनचं कमी करतं. म्हणून ग्लासगोचे दोन गुण सांगतात ते गाठीबद्दल कमी आणि गाठीला तोंड देणाऱ्या शरीराबद्दल जास्त. भूक मरणं, वजन उतरणं, दंडाचे स्नायू झिजणं, बसल्या जागी थकवा येणं, हे सगळं त्याच दाहाचं दिसणारं रूप आहे. घरचे लोक “खूपच खंगलेत हो” म्हणतात, तेव्हा ते हेच पाहत असतात.

ग्लासगोच्या या निष्कर्षाला चार वर्षांनी अमेरिकेतून, अगदी वेगळ्या वाटेने, दुजोरा मिळाला. व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड कार्बोन आणि सहकाऱ्यांनी रक्ताचा थेंब मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातला. हे यंत्र रेणूंना विद्युतभार देऊन उडवतं आणि त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळं करतं. कागदावर उमटतात ती शिखरं. कोणतं शिखर कोणत्या प्रथिनाचं, हे ठाऊक नसतानाच संगणकाने आठ शिखरांचा एक नमुना निवडला. त्यावरून रुग्णांचे दोन गट पडले, ‘गुड’ आणि ‘पुअर’. २००७ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि त्यातून व्हेरीस्ट्रॅट नावाची चाचणी बाजारात आली. पुढे त्या शिखरांची ओळख पटवली गेली, तेव्हा त्यांतली महत्त्वाची शिखरं सीरम अमायलॉइड-ए या प्रथिनाची निघाली. हेही यकृतात तयार होतं, हेही दाहातच वाढतं. ते सीआरपीचं सख्खं भावंडच आहे. एक वाट काही रुपयांच्या चाचणीची आणि दुसरी महागड्या यंत्राची. दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचल्या.

पण व्हेरीस्ट्रॅटच्या बाबतीत पुढे जे झालं, ते ग्लासगोच्या गुणांच्या वाट्याला आलं नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातलं ते सर्वांत शिस्तीचं काम आहे. इटलीत व्हानेसा ग्रेगोर्च यांच्या नेतृत्वाखाली १४ केंद्रांत ‘प्रोझ’ नावाची चाचणी झाली. पहिला उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं : एका गटाला एर्लोटिनिबची गोळी, दुसऱ्याला केमोथेरपी. प्रत्येकाचा ‘गुड-पुअर’ निकाल आधीच काढून ठेवला होता. पण तो ना रुग्णाला माहीत होता, ना डॉक्टरला. २०१४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला. ‘गुड’ गटात गोळी घेणारे मध्यकाने ११ महिने जगले आणि केमो घेणारे १०.९ महिने, म्हणजे फरक नाही. ‘पुअर’ गटात केमो घेणारे ६.४ महिने जगले आणि गोळी घेणारे फक्त ३. किती दिवस, हे सांगणाऱ्या चाचणीने इथे, निदान त्या एका निवडीपुरतं, आता काय करायचं हेही सांगितलं. ‘पुअर’ निकालाच्या रुग्णाला गोळी देऊ नका. तीन महिन्यांचे सहा महिने होतील.

मग ही चाचणी आज सर्रास का होत नाही? कारण काळ पुढे गेला. ज्यांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल आहे त्यांनाच एर्लोटिनिबसारख्या गोळ्या द्यायच्या, तेही पहिल्याच फेरीत, हे ठरून गेलं. बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधं आली. ज्या पेचातून व्हेरीस्ट्रॅटने वाट दाखवली होती, तो पेचच उरला नाही. मार्कर खोटा ठरला नाही, फक्त त्याच्याकडे विचारायला कुणी येईनासं झालं. प्रत्येक मार्करचं आयुष्य त्याच्या काळातल्या औषधांशी बांधलेलं असतं. दहा वर्षांपूर्वीच्या संशोधनाच्या आधारे आज महागडी चाचणी सुचवली जात असेल, तर हे लक्षात ठेवावं.

दाहाच्या गोष्टीला आणखी एक दुखरी बाजू आहे. दाह वाढला की आयुष्य घटतं, तर दाह कमी केल्यावर ते वाढायला हवं, असं कुणालाही वाटेल. २०१७ साली तशी आशा दिसलीही. ‘कँटोस’ या हृदयरोगावरच्या मोठ्या चाचणीत १० हजारांवर रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे दाहरोधक औषध दिलं होतं आणि त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ठळकपणे कमी दिसले. मग कर्करोगाच्या रुग्णांवरच ते तपासलं गेलं. लागोपाठ तीन मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिन्ही फसल्या. सीआरपी धोक्याची सूचना देतं, हे पक्कं. त्याच्या मागची साखळी कुठे तोडायची, हे अजून हाती आलेलं नाही.

आता ईआरसीसी-१ची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण कर्करोगावर नवा मार्कर सापडल्याची बातमी वाचताना ती आठवणीत असावी असं मला मनापासून वाटतं.

सिस्प्लॅटिन हे केमोचं जुनं, भरवशाचं औषध कर्कपेशीच्या डीएनएला चिकटतं, त्याच्या धाग्यांत गाठी मारतं आणि पेशीला विभागू देत नाही. या गाठी कापून काढणारी दुरुस्तीची यंत्रणा प्रत्येक पेशीत असते आणि ईआरसीसी-१ हे तिच्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन. तर्क सोपा होता : ज्या गाठीत हे प्रथिन भरपूर, ती सिस्प्लॅटिनला पुरून उरेल, ज्या गाठीत ते नाही, ती मरेल. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या गटाने ऑपरेशन झालेल्या ७६१ रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठी तपासल्या. हे रुग्ण केमो द्यावी की नाही, या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतले होते, म्हणजे तुलनेसाठी दोन्ही गट हजर होते. २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला : प्रथिन नसलेल्या गाठींच्या रुग्णांत केमोने मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांनी घटला, प्रथिन असलेल्यांत काहीही फायदा नाही. इतकंच नव्हे, केमो न घेतलेल्यांत ज्यांच्या गाठीत प्रथिन होतं, तेच जास्त जगले. एकच प्रथिन दोन्ही प्रश्नांची उत्तरं देत होतं. जगभर त्यावर पुढच्या चाचण्या आखल्या गेल्या, रुग्णांचा उपचार त्यावरून ठरू लागला.

त्याच गटाने सात वर्षांनी, २०१३ साली, त्याच नियतकालिकात दुसरा निबंध लिहिला. दुसऱ्या दोन चाचण्यांतल्या ४९४ रुग्णांच्या गाठींवर त्यांनी हीच तपासणी केली होती आणि आधीचा निकाल परत मिळाला नव्हता. कारण शोधताना त्यांनी मूळ गाठीही पुन्हा रंगवल्या, तेव्हा दिसलं की तपासणीसाठी वापरलेली, प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारी ‘८एफ१’ ही अँटीबॉडी, नाव तेच, कंपनीही तीच, पण नव्या साठ्यातली, पूर्वीसारखी वागत नव्हती. त्यांनी बाजारात मिळणाऱ्या १६ अँटीबॉडी आणल्या आणि तपासल्या. ईआरसीसी-१ची पेशीत चार रूपं असतात. डीएनएची दुरुस्ती त्यांतलं एकच करतं. त्या एका रूपाला इतर तिघांपासून वेगळं ओळखू शकेल अशी एकही अँटीबॉडी त्या सोळांत नव्हती. आपण जे मोजतो आहोत ते आपल्याला हवं ते नाहीच, हे त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या गाजलेल्या निबंधाविरुद्ध लिहिलं. विज्ञानात यापेक्षा मोठा प्रामाणिकपणा मला ठाऊक नाही.

ही चूक कुठे शिरू शकते हे पाहायचं असेल, तर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जाऊन उभं राहावं. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला असतो, मग मेणात बसवून त्याचा ब्लॉक केला जातो. ब्लॉकमधून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, ते पाण्यावर तरंगवून काचेवर उचलले जातात. त्यावर अँटीबॉडीचा थेंब पडतो, मग रंगाचा. प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी छटा उमटते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये फार कमी वेळ राहिला तरी बिघाड, फार जास्त राहिला तरी बिघाड. शेवटी एक माणूस मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावून ठरवतो की ही छटा फिकट की गडद, पेशी चाळीस टक्के की पन्नास. त्यात संशोधकाने आधी निकाल पाहून नंतर सीमारेषा आखली, म्हणजे जिथे रेषा ओढल्यावर दोन गटांत सर्वांत जास्त फरक दिसतो तिथेच ती ओढली, की कोणतंही प्रथिन मार्कर होऊन बसतं. संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ सालीच हा धोका दाखवला होता. २००५ साली त्यांच्यासह काही तज्ज्ञांनी अशा अभ्यासांच्या लेखनासाठी ‘रिमार्क’ नावाची नियमावली केली : अँटीबॉडी कोणती, सीमारेषा कशी ठरवली, किती रुग्ण गळले, हे सगळं लिहा. ती नियमावली डोळ्यासमोर ठेवून वाचलं, तर ‘जीवितकाल सांगणारं नवं प्रथिन’ असल्या मथळ्याखालचे बहुतेक निबंध पहिल्या पानातच संपतात.

प्रथिन किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचं, हा धडा ईजीएफआरने आधीच दिला होता. हे प्रथिन पेशीच्या आवरणावर बसून वाढीचे संदेश आत पोहोचवतं. त्याला अडवणारी गेफिटिनिब ही गोळी अमेरिकेत २००३ साली मंजूर झाली, तेव्हा ज्या गाठीत ईजीएफआर भरपूर, तिथे गोळी चालेल असं साहजिकच वाटत होतं. तसं झालं नाही. बहुतेकांना काहीच फरक पडत नव्हता आणि थोड्यांची गाठ मात्र काही आठवड्यांत विरघळत होती. २००४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी गुण आलेल्या ९ रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यांतल्या ८ जणांत ईजीएफआरच्या जनुकात बदल होता, म्हणजे प्रथिनाचा आकारच बदललेला होता. मग हाँगकाँगचे टोनी मोक यांच्या नेतृत्वाखाली पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवर चाचणी झाली. २००९चे तिचे आकडे डोळे उघडणारे आहेत. बदल असलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांची गाठ गोळीने आकसली, बदल नसलेल्यांपैकी फक्त १ टक्का. बदल नसलेल्या रुग्णाला केमोऐवजी ही गोळी दिली, तर त्याचा आजार उलट लवकर बळावत होता.

इथे परळचा संबंध येतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ॲडिनोकार्सिनोमा या जातीत २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचा बदल आढळला. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे आणि पूर्व आशियापेक्षा कमी. म्हणजे आपल्याकडे अशा साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एकाच्या हातात ही किल्ली आहे. पुढचं पाऊल त्याहून मोलाचं. वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी असा बदल असलेल्या ३५० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्यांना नुसती गेफिटिनिब, अर्ध्यांना गेफिटिनिब आणि सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो. २०१९ साली शिकागोच्या जागतिक परिषदेत त्यांनी निकाल मांडला : आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दुष्परिणाम वाढले, गंभीर त्रास होणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं, हेही त्यांनी तितक्याच ठळकपणे मांडलं. ही सगळी औषधं जुनी आहेत, आपल्या देशात बनतात आणि मध्यमवर्गीय घराला, कष्टाने का होईना, परवडू शकतात. मार्करचा उपयोग असा व्हावा.

आणि आता सुरुवातीची ती ओळ, पीडी-एल१. क्योटोचे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली प्रतिकारपेशींवर पीडी-१ हे प्रथिन सापडलं. पुढे कळलं की ते त्या पेशींना थोपवण्याचं काम करतं, आणि पीडी-एल१ हा त्याचा जोडीदार कर्कपेशीच्या आवरणावर बसून ही थोपवणारी कळ दाबतो. या संशोधनासाठी होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळालं. ती कळ सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध, पीडी-एल१ किमान ५० टक्के असलेल्या ३०५ रुग्णांवर, केमोशी तुलना करून तपासलं गेलं. पाच वर्षांनी या औषधाच्या गटातले ३२ टक्के रुग्ण हयात होते आणि केमोच्या गटातले १६ टक्के. चौथ्या टप्प्यावरच्या अशा रुग्णांपैकी शंभरातले बत्तीस जण पाच वर्षं जगतात, ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वी कुणी खरी मानली नसती.

पण त्याच चाचणीत, पीडी-एल१ इतकं जास्त असूनही, निम्म्याहून अधिक रुग्णांची गाठ औषधाने पुरेशी आकसली नाही. त्याच जातीचं दुसरं औषध, निव्होलुमॅब, पीडी-एल१ची सीमारेषा ५ टक्क्यांवर आणून केमोविरुद्ध उभं केलं गेलं, तेव्हा ते सरस ठरलं नाही. आणि ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बदल आहे त्यांच्यात पीडी-एल१चा मोठा आकडाही फसवा असतो : लॉस एंजेलिसमध्ये अशा रुग्णांना गोळीच्या आधी पेम्ब्रोलिझुमॅब देऊन पाहिलं, तेव्हा खरोखर बदल असलेल्या एकाही रुग्णाला गुण आला नाही आणि अकरा रुग्णांनंतर ती चाचणी थांबवावी लागली. म्हणून ईजीएफआर आणि एएलके (असाच बदल होऊ शकणारं दुसरं जनुक) यांचा निकाल येण्याआधी केवळ पीडी-एल१ पाहून काही लाखांचं इंजेक्शन सुरू करण्याची घाई करू नये. एएलकेत बदल असलेल्या रुग्णांसाठी हे जास्तच खरं आहे. दर शंभरात असे तीन ते पाचच असतात. पण लोर्लाटिनिब या गोळीवर त्यांतल्या ६० टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही आटोक्यात होता, हे २०२४ साली जाहीर झालं. एएलकेचं प्रथिन साध्या रंगवण्याच्या तपासणीत दिसतं. ती तपासणी राहून जाणं म्हणजे काय गमावणं, हे या आकड्यावरून कळावं.

एवढं सगळं झाल्यावरही काही रुग्ण असे राहतात, ज्यांच्या गाठीत कोणताही बदल नसतो, पीडी-एल१ शून्य असतं, सीआरपी चढलेलं आणि अल्ब्युमिन उतरलेलं असतं. त्यांच्याबाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना कळलेलं असतं. मग दुसऱ्याचं काय? इथे बोस्टनच्या जेनिफर टेमेल यांचं २०१० सालचं काम मला फार मोलाचं वाटतं. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी निदानापासूनच, नेहमीच्या उपचारासोबत, वेदनाशामक (पॅलिएटिव्ह) सेवेच्या डॉक्टरांशी जोडून दिलं. दम लागणं, वेदना, झोप, भीती, घरच्यांची घालमेल, या सगळ्याकडे पहिल्यापासून लक्ष. या रुग्णांना शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी मिळाले, त्यांचं मन जास्त स्थिर राहिलं, आणि ते जास्त जगलेही : मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९. वाईट भाकिताचा हा उपयोग आहे. ग्लासगोचे दोन गुण आले की त्याच दिवशी आहारतज्ज्ञाला आणि पॅलिएटिव्ह विभागाला बोलावता येतं. केमो द्यायच्या प्रत्येक रुग्णाच्या यकृताच्या चाचण्या होतातच. अल्ब्युमिनचा आकडा त्याच्या फाइलमध्ये आधीच असतो. त्याच्याकडे पाहिलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

एक खबरदारी मात्र इथल्या मातीत घ्यायलाच हवी. आपल्याकडे खोकला, उतरलेलं वजन आणि एक्स-रेवरचा डाग दिसला की आधी क्षयाची औषधं सुरू होतात. कित्येक कर्करुग्णांचे कळीचे महिने त्यातच जातात. क्षयातही सीआरपी वाढतं. कुपोषणातही अल्ब्युमिन खाली असतं. ग्लासगोत आखलेली रेषा गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला जशीच्या तशी लावता येणार नाही. ती इथल्या रुग्णांवर पडताळावी लागेल. हे काम करायला यंत्रं नकोत, चोख नोंदी हव्यात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभं राहिलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या रुग्णालयांना जोडतं, आयआयटी मुंबईत प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. दोन स्वस्त चाचण्यांचा हा हिशेब त्यांनी हाती घ्यावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात हे निदान झालं, तर सुईने काढलेला तो तुकडा तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो, हे ध्यानात ठेवा. कर्करोगाची जात ठरवायला त्यातले काही काप जातात, मग ईजीएफआर, एएलके, आरओएस-१, पीडी-एल१ यांना आणखी. ठिकठिकाणी तपासण्या करत फिरलात, तर महत्त्वाच्या तपासणीपर्यंत तुकडाच उरत नाही आणि पुन्हा सुई खुपसावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा : या तुकड्यावर कोणकोणत्या तपासण्या करायच्या आहेत आणि कोणत्या क्रमाने? ईजीएफआर आणि एएलकेचा निकाल आल्याशिवाय महागडं इंजेक्शन सुरू करायची घाई आहे का? रुग्णाचं वजन, अल्ब्युमिन आणि सीआरपी दर भेटीला केस पेपरवर लिहून घ्या. वेदनाशामक विभागाचा पत्ता शेवटी नव्हे, सुरुवातीलाच मागा. आणि रिपोर्ट घेताना मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, थंड जागी, उन्हापासून दूर ठेवा, आणि मोठ्या रुग्णालयात जाताना स्लाइड्सबरोबर तोही न्या.